विसर्जनानंतर पट्टीचे पोहणारे कुठे जातात?

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी खान्देशातल्या कुठल्याही शहराचं स्थानिक पान उघडा. जळगावचा मेहरूण तलाव असो, धुळ्यात पांझरेचा काठ असो, नाहीतर तापीवरचं प्रकाशा असो. बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘विसर्जनस्थळी पट्टीचे पोहणारे तैनात करण्यात आले आहेत.’ क्रेन किती, बोटी किती, पोलीस किती, हे सगळं आकड्यांत असतं. पोहणाऱ्यांची नावं मात्र नसतात. दुसऱ्या दिवशी निर्माल्याचे ट्रॅक्टर जातात आणि ही माणसंही वर्षभरासाठी सरकारी कागदांतून निघून जातात. मग पुढच्या पावसाळ्यात एखाद्या रात्री नदी गावात शिरते आणि फोनाफोनी सुरू होते. कुणी पोहणारं आहे का? कुणाकडे होडी आहे का?

पुरातून एखादं गाव किती लवकर उभं राहील, हे पुराच्या दिवशी बाहेरून येणाऱ्या मदतीवर ठरतंच. पण त्याहून जास्त ते ठरतं त्या गावाचा पाण्याशी एरवी काय संबंध आहे यावर. म्हणून पाण्यात उतरणारी माणसं, मग ती पोटासाठी उतरोत की हौसेखातर, आपत्तीच्या आराखड्यात नावानिशी आणि मानधनानिशी असली पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी मी जे उदाहरण घेतोय ते मात्र खान्देशापासून फार लांबचं आहे. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं, सर्फरांचं.

ही माणसं आपल्याकडे फक्त जाहिरातीत दिसतात. उघडं अंग, उन्हाने पिवळे झालेले केस, कामधंदा नसल्यासारखी. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला मेंतावाई नावाची बेटं आहेत. जगातल्या उत्तम लाटा तिथे उठतात, म्हणून सर्फर बोटी भाड्याने घेऊन तिथे जातात. १९९९ मध्ये न्यूझीलंडचे एक डॉक्टर, डेव्ह जेनकिन्स, असेच लाटांच्या मागे तिथे गेले. किनाऱ्यावरच्या गावात मलेरियाने मरणारी मुलं पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सर्फएड’ ही संस्था काढली. सुरुवातीचं काम अगदी साधं होतं. मच्छरदाण्या वाटायच्या, त्या वापरायच्या कशा ते घरोघर सांगायचं.

मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली आणि तीन महिन्यांनी, २८ मार्च २००५ ला, शेजारच्या नियास बेटावर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. रस्ते फुटले, धक्के कोसळले. अशा वेळी सर्फरांना फिरवणाऱ्या बोटींवर डॉक्टर आणि औषधं चढवली गेली. कोणत्या खाडीत प्रवाळाचा खडक किती खोल आहे, भरती-ओहोटीला बोट कुठून आत घ्यायची, कोणत्या गावाचा मुखिया कोण, हे त्या बोटींच्या तांडेलांना पाठ होतं. २०१० च्या ऑक्टोबरात खुद्द मेंतावाईवर त्सुनामी आली, चारशेहून अधिक माणसं गेली आणि खराब हवामानाने मोठी मदत अडकून पडली, तेव्हाही याच बोटी लवकर पोहोचलेल्यांत होत्या. मधल्या काळात, ३० सप्टेंबर २००९ ला, पाडांग शहराजवळ भूकंप झाला. जॉन रोज हा अमेरिकन सर्फर त्या वेळी जवळच समुद्रात बोटीवर होता. बालीला द्यायला म्हणून त्याच्याजवळ पाणी गाळायची थोडी यंत्रं होती. ती घेऊन तो शहरात शिरला आणि पुढे त्यातूनच ‘वेव्हज फॉर वॉटर’ ही संस्था वाढली.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. नियासच्या भूकंपाने लागुंद्री खाडीतला प्रवाळाचा खडक वर उचलला गेला आणि तिथली प्रसिद्ध लाट आधीपेक्षा जोरकस झाली. गावं मोडली, लाट सुधारली. निसर्गाला आपल्या सुखदुःखाचा हिशेब ठेवायची सवय नाही.

या कहाण्या सांगताना लोक सर्फरांच्या मनाचा मोठेपणा सांगतात. मला त्यात फारसा रस नाही. चांगली मनं सगळीकडे असतात. आपल्याकडेही पूर ओसरायच्या आत बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे घेऊन टेम्पो येतात आणि त्यातले निम्मे कपडे नंतर रस्त्याकडेला पडलेले दिसतात. सर्फरांच्या उपयोगाचं कारण वेगळं आहे. संकट यायच्या आधीपासून, निव्वळ आवडीखातर, ते त्या पाण्यात होते. पाण्याचा रंग बदलला की काय होतं हे त्यांनी कुठल्या शिबिरात शिकलेलं नव्हतं. गावकऱ्यांशी ओळख होती, उधारी होती, भांडणंही होती. ऐनवेळी ही ओळख कुणाला तयार करता येत नाही.

याच पट्ट्यातलं सिमेउलुए बेट तर सर्फरांशिवायच हे सिद्ध करतं. १९०७ मध्ये तिथे मोठी लाट आली होती. जमीन हादरली आणि समुद्र मागे सरकला की डोंगराकडे पळायचं, ही गोष्ट आज्यांनी नातवंडांना जवळजवळ शंभर वर्षं सांगितली. २००४ च्या त्सुनामीत सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं गेली. हे बेट ज्या आचे प्रांतात आहे, त्या साऱ्या प्रांतात मृतांचा आकडा दीड लाखाच्या वर होता.

आणि आपल्या देशात? तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला कोवळम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथला मूर्ती मेगवन हा कोळ्याचा मुलगा मोडक्या दाराच्या फळीवर लाटा झेलत वाढला. पुढे त्याने गावातल्या पोरांसाठी सर्फिंगची शाळा उभी केली. दारू नाही, सिगारेट नाही, शाळा सोडायची नाही, या अटींवर. ज्या समुद्राने २००४ मध्ये घरं नेली, त्याच समुद्रात त्या किनाऱ्यावरची पोरं पुन्हा हसत उतरली. आज भारतातले कितीतरी नावाजलेले सर्फर त्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतले आहेत.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण सर्फिंग हा शेवटी पर्यटकांचा धंदा, त्यात गावाचं काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचा पुरावा श्रीलंकेतच आहे. अरुगम बे हा तिथला सर्फिंगचा मोठा किनारा. त्सुनामीनंतर सरकारने किनाऱ्यापासून शंभर ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात घरं बांधायला बंदी घातली. कारण दिलं सुरक्षेचं. हॉटेलांना मात्र सूट. ज्यांच्या होड्या वाळूवर ओढायच्या, त्यांनी आत जाऊन राहायचं आणि ज्यांना खिडकीतून समुद्र पाहायचाय, त्यांनी काठावर. कोळ्यांनी याला जोरदार विरोध केला. तेव्हा पाणी जाणणाऱ्यांना बचावकार्यात बोलवायचं आणि पुनर्बांधणीच्या बैठकीत विसरायचं, हेही जगभर चालतं. ‘नदीकाठ सुशोभीकरण’ हे शब्द आपल्या नगरपालिकांच्या ठरावांत वाढत चालले आहेत, म्हणून हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता आपल्याकडे येऊ. खान्देश म्हटलं की दुष्काळ, टँकर, ४५ अंशांचं ऊन. पुराचा विचार आपण कोल्हापूर-सांगलीच्या नावावर टाकून दिलाय. पण १७ ऑगस्ट २०१८ ला नवापूरमध्ये रंगावली आणि सरपणी नद्यांनी घरं वाहून नेली, माणसं नेली. २०१९ च्या ऑगस्टात अक्कलपाडा धरणाचं पाणी सुटलं आणि धुळ्यात पांझरा काठावर चढली. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात तितूर आणि डोंगरी यांनी बाजारपेठ भरून टाकली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, शेकडो गुरं दाव्याला बांधलेली वाहून गेली. या नद्या एरवी वर्षातले आठ महिने कोरड्या. पोरं पात्रात क्रिकेट खेळतात. म्हणून तर फटका जास्त बसतो. रोज वाहणाऱ्या नदीचा धाक राहतो, कोरड्या नदीचा कुणाला राहणार?

अशा रात्री पहिले दोन-तीन तास कुणाच्या हातात असतात? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ तळेगावला. राज्य दलाची एक तुकडी धुळ्यातच आहे, हे आपलं भाग्य, पण ती साऱ्या राज्यात जाते. तिचे जवान शूर आहेत, यात वाद नाही. तरी चाळीसगावच्या गल्लीत पहाटे चार वाजता ‘पानी चढी ऱ्हायनं’ ही हाक मारणारा शेजारीच असतो आणि म्हातारीला पाठीवर घेऊन माळवदावर चढवणाराही तोच असतो.

पण म्हणून स्थानिकांचं नुसतं गुणगान करण्यात अर्थ नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावचीच बोट, गावचेच लोक, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्याने ती उलटली. पंधराच्या वर जीव गेले. त्याच वर्षीच्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषाजवळ नर्मदेत साठेक माणसं घेऊन निघालेली बोट उलटली होती. पोहता येणं आणि वाचवता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या मानेला मिठी मारतो आणि दोघंही जातात, हे प्रत्येक घाटावर घडलेलं आहे.

आणि नुसतं प्रशिक्षणही पुरत नाही. २३ मे २०२४ ला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना धुळ्याच्या तुकडीची बोट भोवऱ्यात सापडून उलटली. तीन जवान गेले, सोबतचा स्थानिक माणूसही गेला. धुळ्याने तो दिवस विसरू नये. त्या पाण्यात काय केलं असतं तर काय झालं असतं, हे इथे बसून सांगायचा आगाऊपणा मी करणार नाही. एवढंच दिसतं की पाणी गणवेश पाहत नाही आणि गावकी पाहत नाही. केटीच्या, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खाली, बर्ग्यांतून (त्याच्या फळ्यांतून) पडणाऱ्या धारेपाशी, पाणी वरून शांत दिसतं आणि आतून माणसाला परत परत खाली ओढतं. कोणत्या बंधाऱ्याखाली असं होतं हे त्या गावच्या गुराख्याला माहीत असतं, आणि लाइफ जॅकेट कसं बांधायचं, दोर कुठून टाकायचा हे जवानाला. या दोघांची भेट जूनच्या आधी व्हायला हवी. होते ती मृतदेह शोधताना.

सरकारला हे सुचलेलंच नाही असं नाही. ‘आपदा मित्र’ योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, सोबत साहित्य, विम्याची तरतूद. योजना चांगली आहे. पण निवडीला वयाची आणि शिक्षणाची अट असते. आयुष्यभर तापीत जाळं टाकलेला, अंगठा उठवणारा पंचावन्न वर्षांचा भोई तिथे बसत नाही. कॉलेजातला हुशार पोरगा बसतो आणि तो नोकरीसाठी पुण्याला जातो, तसं त्याचं ओळखपत्रही पुण्याला जातं. मला त्या पोराबद्दल तक्रार नाही. त्याच्या जोडीला तो भोई हवा, त्याच मानधनावर.

२०१८ च्या केरळच्या पुरात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. साडेचार हजारांवर कोळी, सहाशेहून अधिक होड्या ट्रकवर घालून आतल्या गावांत आले आणि त्यांनी सुमारे ६५,००० लोक बाहेर काढले. शासनाने दिवसाला तीन हजार रुपये जाहीर केले, तर काहींनी ते नाकारले. त्यांचा बाणेदारपणा मोठा. पण धोरण कुणाच्या बाणेदारपणावर आखू नये. ज्याची होडी फुटली त्याला ती भरून मिळालीच पाहिजे.

खान्देशाला पाण्याची सामुदायिक शिस्त परकी नाही. पांझरेवरची फड पद्धती, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून शेतांना वाटायची रीत, काहीशे वर्षं चालली. बंधारा गावाचा, पाट गावाचा, पाणी द्यायला बारेकरी, पाटावर पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना पगार फडातूनच, बहुधा धान्यात. कोणाच्या वावराला पाणी कधी, हे पंच ठरवत. पुराने बंधारा फुटला तर दुरुस्तीला प्रत्येक खातेदाराचा माणूस जायचा. या व्यवस्थेतही उतरंड होती, पाण्याची मालकी जमीनवाल्यांचीच होती. तिला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. पण पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्याला गावाने पगार द्यायचा असतो, ही गोष्ट तिथे गृहीत होती. पुराच्या जागल्याला पगार द्यायचं म्हटलं की आज मात्र लेखाशीर्ष शोधावं लागतं.

दरम्यान नदीशी आपलं जाणंयेणंच बंद होत आलंय. माझ्या आधीच्या पिढीतली पोरं पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून डोहात शिकली. आता गिरणेच्या आणि तापीच्या पात्रात वाळू उपसून जे खड्डे पडलेत, त्यांत गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर पाण्यात पडतं. शहरांजवळ नदीत गटार सोडलंय. आईबाप पोरांना नदीवर जाऊ देत नाहीत, यात त्यांचं काहीच चुकत नाही. परिणाम मात्र असा की दुष्काळी भागातल्या एका अख्ख्या पिढीने पहिल्यांदा खोल पाणी पाहिलं ते पूर म्हणून.

किंवा शेततळं म्हणून. गेल्या काही वर्षांत केळी-डाळिंबाच्या पट्ट्यात शेततळी झाली. आत प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, उतार गुळगुळीत. पाय घसरला की चांगला पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, कारण धरायला काही नसतं. तिथे गाठी मारलेला दोर चारी बाजूंनी सोडून ठेवला आणि ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून बांधली, तरी जीव वाचतात. अनुदान देताना ही अट सक्तीने तपासायला कोणत्याही समितीची गरज नाही.

लोकांच्या चिवटपणाचं कौतुक करताना आणखी एक सावधपण ठेवावं लागतं. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली ३३ गावांची जमीन गेली. डोंगरात राहणारे आदिवासी बघता बघता जलाशयाच्या काठचे झाले. बाजार होडीने, दवाखाना होडीने. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमारीची छोटी होडी मागून घेऊन, दिवसाला अठरा किलोमीटर वल्हवत, बाळांची वजनं करायला आणि आहार पोहोचवायला पाड्यांवर जात होत्या. देशभर फोटो छापून आले. फोटो पाहून ऊर भरून येतो, हे खरं. पण वल्हवणं त्यांना लहानपणापासून येत होतं म्हणून शासनाची अब्रू राहिली. ज्या सेविकेला ते येत नसेल तिच्या पाड्यावरच्या बाळाने काय करायचं? माणसं चिवट आहेत म्हणून त्यांना इंजिनची होडी द्यायची नाही, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सर्फरांच्या कहाण्यांचाही असा गैरवापर होतो. फिलिपाइन्सच्या सिआरगाव बेटावर डिसेंबर २०२१ च्या चक्रीवादळानंतर सर्फरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून पुन्हा घरं उभारली, त्याच्या सुंदर चित्रफिती निघाल्या. छपरं का उडाली, हे त्या चित्रफितींत विचारलेलं नसतं.

तेव्हा करायचं काय? मोठ्या खर्चाचं काही सुचवत नाही. मे महिन्यात प्रत्येक तालुक्यात मान्सूनपूर्व बैठक होतेच. त्या बैठकीत नदीकाठच्या प्रत्येक गावातून दोन-चार पाणकरी माणसं बोलवावीत. वय, शिक्षण न पाहता. रोजगार बुडाल्याची भरपाई द्यावी. दोर, जॅकेट, ट्यूब तलाठ्याच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता त्यांच्या घरी ठेवावीत. त्यांचा विमा उतरवावा. आणि धरणाच्या इशाऱ्याची भाषा त्यांच्याकडून तपासून घ्यावी. ‘हतनूरचे ४१ पैकी अमुक दरवाजे पूर्ण उघडले, इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ हा संदेश दर पावसाळ्यात फिरतो. त्यातून काठावरच्या बाईला काय कळतं? तिला हवंय ते एवढंच की पाणी महादेवाच्या कोणत्या पायरीला लागणार आणि केव्हा. पायऱ्यांवर रंगाने आकडे घालून, मागच्या पुरांच्या खुणा करून, अमुक विसर्ग म्हणजे अमुक पायरी असं कोष्टक मंदिराच्या भिंतीवर लावता येतं. अभियंत्याकडे विसर्गाचे आकडे आहेत, भोयाकडे पायऱ्या आहेत.

आणि पोहणं शाळेत शिकवावं. दरवर्षी देशात तीस हजारांहून अधिक लोक बुडून मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदी सांगतात. बांगलादेशाने गावच्या तळ्यात बांबूचे मचाण आणि कठडे बांधून लहान मुलांना पोहायला शिकवलं. निळ्या फरश्यांचे जलतरण तलाव बांधत बसले नाहीत. आपल्याकडे लघुपाटबंधाऱ्यांचे तलाव आहेत, पाझर तलाव आहेत, आणि शिकवणारे तर विसर्जनाच्या बातमीत दरवर्षी येतातच.

यात मुली आल्या पाहिजेत, आणि आधी आल्या पाहिजेत. ऑक्सफॅमने त्सुनामीनंतर आचेमधल्या चार गावांची पाहणी केली तेव्हा वाचलेल्यांत पुरुष बायकांच्या जवळजवळ तिप्पट होते. पुरुषांना पोहता येत होतं, झाडावर चढता येत होतं, कित्येक जण होडीवर किंवा बाजारात होते. बायका मुलांना कडेवर घेऊन घरात होत्या. अरुगम बेमध्येही मुलींना लाटांवर जायला घरून मनाई होती. २०१८ मध्ये तिथल्या बायकांनी स्वतःचा सर्फ क्लब काढला. आपल्या गावांत धुणं घेऊन नदीवर रोज जाते ती बाईच, शेततळ्यावरून कळशी भरते ती बाईच आणि पोहता येत नाही तेही बहुधा तिलाच. कारण विचारलं तर लुगडं, लाज आणि लोक. शिकवायला बाई हवी, वेळ वेगळी हवी, पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच मुलीच येतील. त्या चार-पाच मुलींना शिकवणारीचं मानधन ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या दहा टक्के निधीतून देता येईल का, एवढा एकच प्रश्न पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.